पांढरे मोजे

भुसावळात लॉन लावायचं नसतं.
हे मी तेव्हाच म्हटलं होतं,
जावयाने नाशिकहून टेम्पोत गवताच्या वळकट्या आणल्या,
अंगणात सतरंजीसारख्या उलगडल्या,
आणि हे दारात उभे राहिले, हात मागे बांधून,
गाडी सुटायच्या आधी फलाटावर उभे राहायचे तसे.

गवत वाढलं. आमच्या वाटणीचं पाणी पिऊन वाढलं.
हुरमतबी कुंपणावरून बघून म्हणाली,
"ना ढोराले, ना चुलीले, मंग लावलं कायले?"

मग डिझेलच्या कानात पहिली गोचीड सापडली,
एरंडाच्या बीएवढी, फुगलेली.
दुसरी बोटांच्या बेचक्यात.
मग रात्री माझ्या पोटरीवर लाल ठिपक्यांची रांग,
कुणी टीप घातल्यासारखी.

गल्लीने औषधं सांगितली.
रॉकेल शिंपडा. तंबाखूचं पाणी मारा. राख टाका, राख.
राख!
ती तर दीपनगरहून वाऱ्यावर रोजच येते,
पापडांवर, तुळशीवर, उशीच्या अभ्र्यावर;
इथल्या पिसवा बाळंतविड्यासारखी राख घेऊनच जन्मतात.

गुरांच्या दवाखान्यातली भंगाळ्यांची पोर,
डिझेलचा कान उलटा करून म्हणाली:
कुत्र्यावर दहा, तर अंगणात शंभर धरा.
नुसतं कुत्र्याला औषध लावून भागणार नाही,
नुसतं अंगणालाही नाही.
गवत बोटभर ठेवा, पाणी तोडा, ऊन आत येऊ द्या.
गोचीड चिमट्याने मुळाशी धरायची,
सरळ ओढायची. चिरडायची नाही.
आणि पिसवा मोजायच्या असतील
तर पांढरे मोजे घालून हळू चाला.

छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात
पांढऱ्या कपड्यांत एकटा बसलेला माणूस.
पत्र्याची पेटी उघडली. मोजे निघाले,
डांबरगोळ्यांचा वास, घडीवर पिवळी रेघ.
गुडघ्यापर्यंत चढवले
आणि निघाले कुंपणापासून नळापर्यंत,
नळापासून जास्वंदीपर्यंत,
पाऊल टाकून थांबत.
पोरं भिंतीवर बसून बघत होती.
एकाने शिटी मारली. यांनी वळून
सवयीने हात दाखवला.

वही केली. वेळ, जागा, संख्या.
जास्वंदीखाली, सावलीत: एकवीस.
मधोमध, उन्हात: एक.
रात्री उंबऱ्याशी परातीत साबणाचं पाणी,
वर लोंबता बल्ब,
आणि आम्ही दोघं खाटेवर, काही न बोलता,
टप् ऐकायला यावं म्हणून कान देऊन.
येत नाही ऐकू. पिसूचं वजन ते काय.
सकाळी परातीत तिळासारख्या पडलेल्या असतात.

दवा झाली. हुरमतबीच्या कोंबड्या झाल्या,
दोन दिवस अंगण टिपून गेल्या,
मिरचीचं रोपही टिपून गेल्या.
वहीत आकडे उतरले: नऊ, चार, दोन.
पंधराव्या दिवशी सतरा.

मला रडू आलं. हे म्हणाले,
भिंतीच्या फटीतली अंडी फुटली असणार.
पुन्हा दवा, पुन्हा पंधरा दिवस.
गाडी लेट आहे गं, रद्द नाही.

आता मे आहे. लॉन भाकरीच्या पापुद्र्यासारखं,
जिथे तिथे करपलेलं. जावई फोनवर विचारतो, कसंय?
हे म्हणतात, आटोक्यात.

संध्याकाळी पायरीवर बसतात,
बाजूला मिठाच्या पाण्याची वाटी, हातात चिमटा.
डिझेल आपण होऊन येतो, कान मांडीवर टाकतो.
पोरींच्या वेण्यांना या माणसाने कधी हात लावला नाही.
ड्युटी असायची. खोटं नाही, असायचीच.
आता एकेक केस बाजूला सारतात,
शून्य सापडलं तरी दुसरा कान बघतात.

परवा दुसराही कान झाला.
चिमटा तसाच हातात, माझ्याकडे वळून म्हणाले,
पोटरी दाखव.

मी लुगडं वीतभर वर घेतलं.
चष्मा सापडायला पाच मिनिटं गेली,
तो कपाळावरच होता.